ऑनलाइन शिकणारे कशाच्या जोरावर टिकतात? मानसशास्त्रीय भांडवल आणि गळतीचं संशोधन



पेट पास झाल्यावर मुलाखतीला जाताना 'तुमचा विषय काय' याची तयारी सगळेच करतात. 'हाच विषय का' याची फारसं कुणी करत नाही. मला तोच प्रश्न आधी आला. मी म्हणाले, कोविडनंतर ऑनलाइन शिक्षण वाढलंय, विद्यार्थी मधेच सोडतात, म्हणून विषय महत्त्वाचा आहे. हे उत्तर चुकीचं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं आमच्या गावातलं आहे. ते आज सांगते, कारण त्याच्याशिवाय या विषयातली मुख्य अडचण समजणार नाही.

आमचं जांभूळ अंबरनाथ तालुक्यात. बारवीचं पाणी इथल्या एमआयडीसीच्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं आणि शुद्ध होऊन पुढे शहरांना नि कारखान्यांना जातं. त्यामुळे पाणी बंद राहणार असलं की पेपरात आमच्या गावाचं नाव येतं, एरवी नाही. कॉलेज म्हटलं की बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, नाहीतर कल्याण. नोकरी करणाऱ्याला रोज कॉलेजात हजर राहणं जमत नाही, म्हणून दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेश घेणारे गावात बरेच आहेत. त्यातल्या दोघांबद्दल सांगते.

एक आमच्या शेजारच्या ताई. लग्नाआधी बारावी झालेली, आता दोन मुलं, पॅकिंगच्या कंपनीत काम. बी.ए.ला दूरस्थ प्रवेश घेतला. पहिल्या वर्षी इंग्रजी राहिलं. पुढच्या वर्षी परीक्षेच्या फॉर्मच्या शेवटच्या रात्री पोर्टल उघडलंच नाही आणि वर्ष गेलं. आता त्या तिसऱ्या वर्षाला आहेत.

दुसरा माझा मामेभाऊ. बारावीला चांगले मार्क, गणित तर माझ्याहून बरं. ऑनलाइन बी.कॉम.ला नाव घातलं, दोन सत्रं झाली आणि सोडलं. तेव्हा मामाकडे जेवताना मी सगळ्यांसमोर म्हणाले, "याच्यात जिद्दच नाही." मामाचं ऑपरेशन झालं होतं, रिक्षा विकली होती आणि हा भिवंडीच्या गोदामात बारा तासांची शिफ्ट करत होता. हे सगळं मला माहीत होतं, तरी बोलले. तो काही बोलला नाही, ताट उचलून आत गेला. पुढे एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स करून मी याच विषयावर पीएच.डी.ला लागले, आणि वाचायला घेतलेल्या अर्ध्याअधिक पेपरांत माझंच ते वाक्य सभ्य भाषेत लिहिलेलं सापडायला लागलं.

भांडवल म्हणजे नेमकं काय

'मानसशास्त्रीय भांडवल' ही कल्पना शिक्षणातून आलेली नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठातले व्यवस्थापनाचे प्राध्यापक फ्रेड लुथान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती नोकरदार माणसांसाठी मांडली. २००७ साली त्यांचं या विषयावरचं पुस्तक आलं. माणसाकडे पैसा असतो, शिक्षण असतं, ओळखी असतात, तशा मनाच्या काही ताकदीही असतात, त्या मोजता येतात आणि वाढवता येतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी चार ताकदी निवडल्या: स्वक्षमतेवरचा विश्वास, आशा, आशावाद आणि पुन्हा उभं राहण्याची क्षमता. प्रत्येकीमागे आधीपासून कुणाचं तरी मोठं काम होतं. त्यांनी चारही एकत्र बांधल्या.

स्वक्षमतेवरचा विश्वास ही कल्पना आल्बर्ट बांडुरा यांची, १९७७ सालची. आपण ज्याला आत्मविश्वास म्हणतो त्याहून ती अरुंद आहे, आणि त्यातच तिचा उपयोग आहे. 'मी हुशार आहे' असं वाटणं म्हणजे हा विश्वास नव्हे. 'हा असाइनमेंट मला रविवारपर्यंत लिहिता येईल' असं वाटणं म्हणजे तो. एका कामात असतो, दुसऱ्यात नसतो. ताई शंभर माणसांच्या हळदीचं जेवण बिनधास्त अंगावर घेतात, पण पीडीएफ अपलोड करायची म्हटलं की मुलाला हाक मारतात. बांडुरांनी या विश्वासाचे चार स्रोत सांगितले: स्वतः करून जमलेलं काम, आपल्यासारख्याच कुणाला तरी जमताना पाहणं, कुणीतरी दिलेला धीर, आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. यात सगळ्यात जोरकस पहिला. व्हॉट्सअ‍ॅपवरचे प्रेरणादायी मेसेज फार तर तिसऱ्यात बसतात, हे आपलं माझं मत.

आशावादाकडे लुथान्स पाहतात ते बरंचसं मार्टिन सेलिग्मन यांच्या नजरेने. वाईट घडल्यावर माणूस त्याचं कारण स्वतःला कसं सांगतो, हा त्यातला मुद्दा. इंग्रजीत नापास झाल्यावर 'माझं डोकंच चालत नाही' म्हणणारा आणि 'या वेळी पेपर दोनचा सराव झाला नाही' म्हणणारा, दोघांचे मार्क सारखेच असतात. पहिल्याचं कारण कायमचं आणि सगळ्याच विषयांना लागू, दुसऱ्याचं तेवढ्यापुरतं. पुन्हा फॉर्म भरण्याची शक्यता दुसऱ्याची जास्त.

पुन्हा उभं राहण्याबद्दल मिनेसोटा विद्यापीठाच्या अ‍ॅन मास्टेन यांचा २००१ चा लेख अवश्य वाचा. प्रतिकूल परिस्थितीतही नीट वाढलेल्या मुलांच्या अभ्यासातून त्यांना दिसलं की ही काही दुर्मीळ, असामान्य शक्ती नाही. घरातलं एखादं भरवशाचं माणूस, बरी शाळा, स्वतःला आवरण्याची सवय अशा अगदी साध्या गोष्टींतून ती येते. म्हणजे या गोष्टी काढून घेतल्या की तीही आटते.

चौथी ताकद आशा. हिच्यावर जरा जास्त थांबते.

'आशा'चं भाषांतर

कॅन्सस विद्यापीठाचे सी. आर. स्नायडर यांनी १९९१ साली आशेची जी मांडणी केली तिचे दोन भाग आहेत. ध्येयाकडे जाण्याची धडपड हा एक, आणि तिथे जाण्याच्या वाटा दिसणं हा दुसरा. 'इच्छा तेथे मार्ग' असं आपण एका दमात म्हणून टाकतो. स्नायडर म्हणतात, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, वेगवेगळ्या मोजा. इच्छा भरपूर आणि मार्ग एकही दिसत नाही, असा माणूस असू शकतो. माझ्या मामेभावाकडे त्या काळात नेमकं काय कमी होतं, याचा विचार मी हे वाचल्यावर पहिल्यांदा केला.

आता हे मराठीत विचारायचं कसं? आपल्याकडे 'आशा' म्हणजे काहीतरी चांगलं होईल म्हणून वाट पाहणं. 'आशेवर बसणे' हा वाक्प्रचारच बघा, त्यात माणूस बसलेला आहे. स्नायडरचा माणूस चालतोय. शिवाय 'आशा' आणि 'आशावाद' हे शब्द मराठीत सख्खे भाऊ-बहीण आहेत. सिद्धांतात मात्र दोन वेगळे घटक. उत्तर देणाऱ्याला दोन्हीकडचे प्रश्न सारखेच वाटले, तर तुमच्या आकडेवारीत ते घटक एकमेकांत मिसळून जातील आणि तुम्ही 'मराठी विद्यार्थ्यांमध्ये हे दोन घटक वेगळे आढळत नाहीत' असा शोध लावून बसाल. तो शोध विद्यार्थ्यांविषयी नसेल, भाषांतराविषयी असेल.

मी आधी 'आशा' हाच शब्द ठेवला होता. ताईंना वाचायला दिलं तर त्या म्हणाल्या, "आशा म्हणजे आपल्या गावच्या आशाताई का?" कारण गावात आशा म्हणजे आरोग्य खात्याची आशा सेविका. मग मी 'उमेद' हा शब्द घेतला. अर्थाने तो खरंच जवळचा आहे, उमेदीत धडपड आहे. पण ताई बचत गटात. 'उमेद' म्हणजे त्यांच्या लेखी राज्य शासनाचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान, मीटिंग आणि कर्जाचा हप्ता. दोन्ही चांगले शब्द सरकारने आधीच घेऊन टाकलेत. शेवटी मी नाम वापरणंच सोडलं आणि 'एक वाट बंद झाली तर दुसरी कोणती, हे मला सुचतं' अशी सरळ वाक्यं लिहिली.

दुसरी गंमत सहा पर्यायांची. लुथान्स यांच्या मूळ प्रश्नावलीत २४ विधानं आहेत, प्रत्येक घटकाची सहा, आणि 'अजिबात असहमत' ते 'पूर्ण सहमत' असे सहा पर्याय. इंग्रजीत पायऱ्या ठीक वाटतात. मराठीत 'काहीसा सहमत' आणि 'सहमत' यांच्यात नेमकं अंतर किती हे मलाच सांगता येईना. ताईंनी पहिलं पान एकाच रकान्यात टिक करून संपवलं, कारण सरळ रेषेत बरं दिसतं. त्यात तीन विधानं उलट अर्थाची आहेत, ती अशा वेळी पकडायला उपयोगी पडतात. पण नकारार्थी वाक्याला 'असहमत' म्हणायचं असेल तर चांगल्या शिकलेल्या माणसाचाही गोंधळ होतो. म्हणून भाषांतर झालं, उलट भाषांतर करून ताडून पाहिलं, की थांबू नका. चार-पाच माणसांना समोर बसवून 'हे वाचून तुम्हाला काय समजलं' हे एकेका वाक्याला विचारा. दोन रविवार जातात, पण आख्खं प्रकरण वाचतं. आणि हो, मूळ प्रश्नावलीवर स्वामित्वहक्क आहे. ती नोकरीच्या संदर्भात लिहिलेली आहे, म्हणून विद्यार्थ्यांसाठी बदलून घ्यायची तर आधी परवानगी मागा. इंटरनेटवर मिळाली म्हणून वापरली, असं तोंडी परीक्षेत सांगता येत नाही.

सोडलं म्हणजे काय झालं

आता 'टिकणे' या शब्दाकडे येऊ. बहुतेक सिनॉप्सिस इथेच कच्च्या असतात.

महाराष्ट्रात घरी बसून पदवी घेण्याची सोय नवी नाही. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं. १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद आणि गावोगावच्या कॉलेजांमधली अभ्यासकेंद्रं हा त्याचा कणा. बारावी न झालेल्यांसाठी तिथे अनेक वर्षं पूर्वतयारी अभ्यासक्रम होता. कामगार, गृहिणी, पोलीस अशा किती जणांना त्यातून पदवीची वाट मिळाली. २०१७ मध्ये केंद्र सरकारचं स्वयम् आलं. यूजीसीच्या २०२० च्या नियमांत 'दूरस्थ' आणि 'ऑनलाइन' हे दोन वेगळे प्रकार म्हणून दिलेत. तुमच्या नमुन्यात दोन्ही प्रकारचे विद्यार्थी असतील तर तसं स्पष्ट लिहा. अभ्यासकेंद्रात रविवारी चार माणसं भेटणारा आणि महिनोन्‌महिने फक्त स्क्रीन बघणारा, यांचं एकटेपण सारखं नसतं.

या सगळ्यात एखाद्याने शिक्षण 'सोडलं' असं कधी म्हणायचं? मुक्त शिक्षणात नेमलेल्या वर्षांपेक्षा जास्त वेळ घेऊन पदवी पूर्ण करायची मुभा असते. ताईंनी एक वर्ष परीक्षा दिली नाही. त्या वर्षी मी अभ्यास केला असता तर माझ्या तक्त्यात त्या 'गळती' या रकान्यात गेल्या असत्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार तर एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. क्रेडिट अकॅडमिक बँकेत जमा राहतात आणि पुढे परत येता येतं. असा माणूस गळला, थांबला, की त्याला हवं तेवढं घेऊन गेला?

जगातलं एक उदाहरण देते. जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेझ-व्हॅलिएंते यांनी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हार्वर्ड आणि एमआयटीच्या मोफत ऑनलाइन कोर्सेसचे आकडे मांडले. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी फक्त ३.१३ टक्क्यांनी कोर्स पूर्ण केला. हा आकडा सगळीकडे फिरतो, आणि 'ऑनलाइनमध्ये कुणी टिकत नाही' हे सांगायला वापरला जातो. पण त्याच लेखात आहे की प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्ये हे प्रमाण ४६ टक्के होतं. पैसे भरल्यामुळे माणसाची मानसिक ताकद अचानक पंधरापट होत नाही. नुसतं डोकावायला आलेले आणि पदरचे पैसे घालून बसलेले, हे मुळात दोन वेगळे गट. भागाकारात खाली कोण आहे हे पाहिल्याशिवाय टक्केवारीवर बोलू नका.

माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात प्रामाणिक खूण एकच: पुढच्या सत्राच्या परीक्षेचा फॉर्म भरला का? तो भरला की नाही याची नोंद असते. 'तुम्ही शिक्षण चालू ठेवणार का' या प्रश्नाच्या उत्तराला तसा काही पुरावा नसतो. पण या विषयावरच्या खूप अभ्यासांत हाच प्रश्न विचारतात. त्याच माणसाला, त्याच दिवशी, त्याच गुगल फॉर्मवर आधी 'तुम्हाला जमेल असं वाटतं का' आणि लगेच 'तुम्ही टिकाल का'. ज्याचा दिवस चांगला गेलाय तो दोन्हीकडे वरचा आकडा देणार. मग सहसंबंध तर छान येणारच! तो ताकद आणि टिकणं यांच्यातला किती आणि त्या दिवसाच्या मूडचा किती, हे वेगळं काढता येत नाही. सत्राच्या सुरुवातीला ताकद मोजा, सहा महिने थांबा आणि मग फॉर्मची नोंद बघा. मार्गदर्शकांना एक वर्ष जास्त लागेल हे सांगायचं धाडस मात्र करावं लागतं.

गाडीत चढलेल्यांनाच विचारलं तर

सकाळी आठच्या सुमाराला बदलापूरहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये उभं राहून सर्वेक्षण करा: 'या गाडीत चढता येतं का?' शंभर टक्के लोक हो म्हणतील. कसं चढायचं तेही सांगतील. डबा कुठे येतो ते बघून ठेवा, बॅग पुढे घ्या, घाबरू नका. सगळं खरंच आहे. फक्त जे चढू शकले नाहीत ते फलाटावर राहिलेत आणि तुमचा फॉर्म गाडीत आहे.

ऑनलाइन विद्यार्थ्यांच्या मानसिक ताकदीवरचे बहुतेक अभ्यास असेच गाडीत झालेले आहेत. लिंक जाते ती चालू बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. माझा मामेभाऊ त्या ग्रुपमधून तिसऱ्या सत्राच्या आधीच बाहेर पडला होता. त्याची आशा किती होती, चिवटपणा किती होता, हे कुठल्याच एक्सेल शीटमध्ये नाही. जे टिकले त्यांच्याकडे ताकद होती एवढंच आपल्याला दिसतं. जे गेले त्यांच्याकडे ती नव्हती, हे आपण मनाने जोडतो. कदाचित त्यांच्याकडेही तेवढीच होती.

स्टॅटिस्टिक्सवाल्यांसाठी एक ओळ: असा नमुना एका टोकाला कापलेला असतो, आणि त्यातून आलेला सहसंबंध खऱ्यापेक्षा कमी किंवा वेगळाच दिसू शकतो. 'नमुना मोठा आहे' हा त्यावरचा उपाय नाही.

सोडलेल्यांपर्यंत पोचणं अवघड आहे, हे मी नाकारत नाही. नंबर बदललेले असतात. शिवाय त्यांनी नंबर दिला तो प्रवेशासाठी, तुमच्या संशोधनासाठी नाही. त्यामुळे एथिक्स कमिटीची परवानगी आणि विद्यापीठामार्फत संमती या दोन्ही गोष्टी हव्यात. फोन उचललाच तर पहिलं वाक्य काय असावं यावर मी पुष्कळ डोकं लावलंय. 'तुम्ही शिक्षण का सोडलं' असं विचारलं की माणूस आरोपी होतो आणि 'वेळ नव्हता' म्हणून फोन ठेवतो. 'शेवटची परीक्षा दिली त्यानंतरचे सहा महिने कसे गेले' असं विचारलं की बोलतो.

कोण कोणाची भरपाई करतं

विद्यार्थी का सोडतात यावर व्हिन्सेंट टिंटो यांचं १९७५ चं प्रारूप सगळे उद्धृत करतात. विद्यार्थी कॉलेजच्या अभ्यासात आणि तिथल्या माणसांत किती मिसळतो यावर तो टिकणं अवलंबून, असं ते थोडक्यात. पण ते होस्टेलवर राहणाऱ्या, नुकत्याच शाळेतून आलेल्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून केलेलं आहे. आपल्या ताईंना कॅन्टीन कुठाय तेही माहीत नाही.

आपल्या कामाचा खरा लेख जॉन बीन आणि बार्बरा मेट्झनर यांचा, १९८५ चा. त्यांनी वयाने मोठ्या, नोकरी करणाऱ्या, घरून येऊन-जाऊन शिकणाऱ्यांचा विचार केला. त्यातला एक मुद्दा मी डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. बाहेरची परिस्थिती, म्हणजे पैसा, कामाचे तास, घरची जबाबदारी, घरच्यांचा पाठिंबा, चांगली असेल तर अभ्यासाची बाजू कच्ची असूनही माणूस टिकतो. उलटं होत नाही. अभ्यासाची बाजू कितीही पक्की असली तरी बाहेरची परिस्थिती ढासळली की तो जातो. तसंच मनाच्या बाजूचं: समाधान, उपयोग वाटणं या गोष्टी असतील तर कमी मार्कांवरही माणूस निभावून नेतो, पण नुसते मार्क मनाची भरपाई करत नाहीत. पुढे २००३ मध्ये अल्फ्रेड रोवाई यांनी टिंटो आणि बीन-मेट्झनर एकत्र करून खास ऑनलाइन विद्यार्थ्यांसाठी प्रारूप केलं, तेही बघा.

हे वाचल्यावर ताई आणि मामेभाऊ पुन्हा शेजारी ठेवून पाहिले. ताईंना इंग्रजी येत नव्हतं, पण सासूबाई परीक्षेच्या आठवड्यात स्वयंपाक बघत होत्या आणि कंपनीत सुपरवायझर सुट्टी देत होता. मामेभावाला अभ्यास सहज जमत होता, पण घर त्याच्या पगारावर चालत होतं. जिद्दीची पट्टी लावून दोघांना मोजलं असतं तर फरक सापडला असता की नाही, कोण जाणे.

म्हणून तुमच्या सिनॉप्सिसमध्ये मानसशास्त्रीय भांडवल हा एकटा चल ठेवू नका. कामाचे तास, मोबाइल स्वतःचा की घरात एकच, फी कोण भरतं, घरात अभ्यासाची वेळ कुणी राखून देतं का, हे साधे प्रश्न शेजारी ठेवा. मग विचारा, परिस्थिती सारखीच असलेल्यांमध्ये ही ताकद किती फरक पाडते. कदाचित मधल्या गटात तिचा परिणाम सगळ्यात जास्त दिसेल: ज्यांचं सगळं सुरळीत आहे त्यांना तिची फार गरज पडत नाही, आणि ज्यांचं सगळंच कोसळलंय त्यांना ती पुरत नाही. हा माझा अंदाज आहे, निष्कर्ष नाही, आणि तोच मला तपासायचाय.

ताकद वाढवता येते का

येते असं लुथान्स म्हणतात. स्वभाव लवकर बदलत नाही, पण हे भांडवल बदलू शकतं, हाच त्यांच्या मांडणीचा गाभा. २००८ मध्ये त्यांनी, जेम्स एव्ही आणि जे. एल. पतेरा यांच्यासोबत, एका छोट्या ऑनलाइन प्रशिक्षणाने ते वाढल्याचं प्रयोगातून दाखवलं. पण प्रश्नावलीवरचे गुण वाढणं वेगळं आणि माणूस परीक्षेला बसणं वेगळं.

इथे रेने किझिल्सेक आणि सहकाऱ्यांचा २०२० चा अभ्यास डोळे उघडणारा आहे. अडीच वर्षं, सुमारे २५० ऑनलाइन कोर्सेस, अडीच लाखांहून जास्त विद्यार्थी. कोर्सच्या सुरुवातीलाच छोटे उपाय करून पाहिले, उदाहरणार्थ 'कधी, कुठे बसून अभ्यास करणार' याची योजना लिहून घेणं. आधीच्या लहान प्रयोगांत याचा परिणाम चांगला दिसला होता. एवढ्या मोठ्या प्रमाणावर तो फार थोडा निघाला, आणि योजना लिहिण्याचा फायदा पहिल्या काही आठवड्यांतच विरला. कोणता उपाय कुणाला लागू पडेल हे कोर्सनुसार, देशानुसार बदलत होतं. म्हणजे 'आमच्या ६० विद्यार्थ्यांवर दोन तासांच्या कार्यशाळेने आशा वाढली' असं लिहायच्या आधी सहा महिन्यांनी पुन्हा मोजा.

मला स्वतःला या सगळ्यात बांडुरांचा पहिला स्रोत सर्वात विश्वासाचा वाटतो. पहिल्या महिन्यात एक छोटा, नक्की जमेल असा असाइनमेंट, आणि तो तपासून आठवडाभरात परत. ताईंना इंग्रजीत पहिल्यांदा धीर आला तो भाषणाने नाही, दहापैकी सहा मार्क पडलेल्या एका पानाने. ते पान अजून देवघराच्या फळीवर आहे. आणि स्नायडरचा दुसरा भाग, म्हणजे वाट, ती तर बरीचशी संस्थेच्या हातात असते. फॉर्मची मुदत चुकली तर पुढे काय, हप्त्याने फी भरता येते का, एक सत्र थांबून परत येता येतं का, हे मराठीत एका पानावर लिहून दिलं तर विद्यार्थ्याची आशा मोजणाऱ्या पट्टीवर वाढते का? हा विषय कुणाला घ्यायचा असेल तर घ्या, मी घेतलेला नाही.

प्रश्नावलीचा मराठी मसुदा गेल्या महिन्यात मामेभावालाही दाखवला. नमुन्यात घेण्यासाठी नाही, वाक्यं समजतात का ते बघायला. जेवणाच्या वेळच्या त्या वाक्याबद्दल आधी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "ते सोड, दाखव काय ते." 'एक वाट बंद झाली तर दुसरी कोणती, हे मला सुचतं' यापाशी थांबला आणि म्हणाला, "हे असं नाही विचारायचं. सुचतं तर. परवडतं का ते विचार." मी समासात लिहून घेतलं. मग त्याने विचारलं, झालेल्या दोन सत्रांचे क्रेडिट अजून आहेत की गेले. अकॅडमिक बँकेच्या नियमांत क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं धरले जातात. आम्ही दोघांनी बोटांवर वर्षं मोजली, चार झालीत. त्याचा आयडी काढलेला होता, पासवर्ड आठवत नव्हता. ओटीपी जुन्या नंबरवर जात होता, तो नंबर आता मामीकडे आहे आणि मामी त्या दिवशी टिटवाळ्याला गेली होती.